पाठीवरची ढाल

“हे बैल मिठाचे न्हवंत,” धारोजी म्हणाला.

खिंडीच्या तोंडाशी आम्ही चौघे उभे होतो आणि खालच्या वळणावरून वंजाऱ्यांचा तांडा वर येत होता. कातळगड कित्येक दिवसांपासून या तांड्याची वाट बघत होता. पातशाही फौज खाली देशावर तळ देऊन बसलेली. आसपासच्या वाड्यावस्त्यांमधली माणसं बायकापोरांसकट गडावर येऊन राहिली होती, आणि गडावरचं मीठ संपलं होतं. अळणी आंबील पिऊन पोरं रडत होती, म्हातारी माणसं पानावरून तशीच उठत होती. त्यामुळे घाटातून घंटांचा आवाज आल्याबरोबर आमच्यातल्या दौलोजीनं ठरल्याप्रमाणे ओल्या पाल्याचा धूर केला होता. तांडा आला, दरवाजा उघडा ठेवा, असा त्या धुराचा अर्थ.

“कशावरून म्हणता?” मी विचारलं.

“पाय बघ त्येंचे. मिठाचा बैल घाट चढताना थांबतो, फेस गाळतो. ही जनावरं जत्रंला निघाल्यावाणी चालल्याती.”

दौलोजी हसला. “नाईक, उपाशी माणसाला समदंच हलकं दिसतंय.”

धारोजी हसला नाही. तो सहसा हसतच नसे. धारोजी कडू हा आमच्या चौकीचा नाईक. अंगानं आडवा आणि तोंडानं फाटका. सकाळी उठल्यापासून डोळा लागेपर्यंत त्याची कुणावर ना कुणावर कुरकुर चाललेली असायची, आणि बहुतेक वेळा ती माझ्यावर असायची.

मी गंगथडीचा. आधी पातशाही चाकरीत होतो, ती टाकून कातळगडावर आलो. माझी बोली निराळी, गडावर माझं नात्यागोत्याचं कुणी नाही, आणि त्यात मी डावखुरा. तलवार डाव्या हातात, ढाल उजव्या. ढाल धरून माणसं रांगेत उभी राहतात तेव्हा प्रत्येकाची ढाल शेजाऱ्याच्याही अंगावर थोडी येते, आणि त्या भरवशावर माणूस तलवारीचा हात उघडा टाकतो. त्या रांगेत एक उलट्या हाताचा उभा राहिला की तिथं भगदाड पडतं. धारोजीचा बाप गोमाजी गडावर ढाल-तलवार शिकवायचा. पोरांपासून सरदारांपर्यंत सगळे त्याच्या हाताखालून गेलेले. त्यानं पहिल्याच दिवशी मला पटांगणातून हाकललं. “आधीच पातशहाच्या घरचा, त्यात डावरा. ह्याच्या शेजारी जो हुभा ऱ्हाईल त्याच्या बायकूनं आताच कुंकू पुसावं.”

गोमाजीच्या शब्दाबाहेर गडावर कुणी जात नसे. माझ्याशी जोडी लावायला कुणी तयार होईना. मला लाकडं फोडायला लावलं, पाणी वाहायला लावलं. मग एक दिवस धारोजी आला, कुऱ्हाड माझ्या हातातून काढून घेतली आणि मला या खिंडीत घेऊन आला. मला डाव्या अंगाला उभं केलं, आपण उजव्या अंगाला उभा राहिला. माझ्या उजव्या हातातली ढाल आणि त्याच्या डाव्या हातातली ढाल मधोमध एकमेकींना भिडल्या. दोघांच्या तलवारी बाहेरच्या बाजूंना मोकळ्या, आणि त्यापलीकडे दोन्हीकडे उभा कातळ. खिंडीला जणू दार लागलं.

“दात काढू नगंस,” तो म्हणाला होता. “मला तुझी ढाल पायजे. तुझं त्वांड न्हाई.”

त्या दिवसापासून बाप त्याच्याशी बोलेनासा झाला. “मरशील,” एवढंच गोमाजी त्याला म्हणाला, आणि नंतर तेही नाही.

तांडा जवळ आला. पुढे म्होरक्या हरजी. एरवी हा हरजी दोन वळणं लांबून तंबाखूसाठी आरोळी ठोकायचा. आज तो मान खाली घालून, दोन्ही हात घोंगडीत घेऊन गुमान चालत होता. त्याच्या अगदी मागे, त्याच्या सावलीत पाय टाकत, आणखी एक घोंगडीवाला.

“काय हरजी, तंबाकू न्हाई मागितलास?” धारोजीनं विचारलं.

“घाई हाय, नाईक.” हरजीनं वर बघितलं. त्याचे डोळे सुजले होते. “दरवाजा लागायच्या आत पोचायचं हाय.”

“पोचशील की. जरा बैलाला तरी हात लावू दे. मीठ बघून किती दिस झालं.”

असं म्हणत धारोजी पुढे झाला, पहिल्या बैलाच्या पाठीवर थाप मारली आणि तलवार उपसून तिचं टोक पोत्याला लावून खाली ओढलं. पोतं फाटलं. आतून वाळलेलं गवत भसाभसा बाहेर आलं.

हरजीनं डोळे मिटून घेतले. त्याच्या मागच्या माणसाचा हात हलला आणि हरजी गुडघ्यांवर बसला. तो पुन्हा उठला नाही.

मग सगळ्या घोंगड्या एकदम उडाल्या. किती होते ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. आमच्यातला सगळ्यात वयस्कर बाबाजी तलवार उपसायच्या आत पडला. दौलोजीनं गळ्यातलं शिंग तोंडाला लावलं, पण त्यातून आवाज निघायच्या आधीच तो बैलांच्या पायांत गेला. धारोजी मागे सरकत माझ्या उजव्या अंगाला आला आणि ओरडला, “भीड!”

ढाली भिडल्या. खिंडीत एका वेळी दोघांपेक्षा जास्त माणसं शिरत नाहीत. ते आमच्यावर आदळत होते आणि आम्ही मागे हटत नव्हतो. ढालीवर तलवार बसते तेव्हा आवाजापेक्षा हादरा मोठा असतो, तो मनगटातून खांद्यात आणि खांद्यातून दातांत जातो. मी दात आवळून धरले होते. शेजारून धारोजीच्या शिव्या अखंड चालू होत्या, आणि त्या ऐकू येत होत्या तोवर मला धीर होता.

मग त्यांच्यातल्या कुणीतरी मागून ओरडून पुढच्यांना बसायला सांगितलं. ते बसले, आणि त्यांच्या डोक्यांवरून बंदूक वाजली. माझ्या ढालीचा वरचा अर्धा भाग उडाला. हात खांद्यापर्यंत बधिर झाला आणि उरलेली ढाल गळून पडली. धारोजीच्या ढालीशेजारी जिथं माझी ढाल असायला हवी होती तिथं मोकळं पडलं, आणि तेवढ्या मोकळ्या जागेतून एक भाला आत आला आणि धारोजीच्या मांडीतून आरपार गेला.

धारोजीनं भाल्याचा दांडा तलवारीनं तोडला. मला ओढत, लंगडत दोन पावलं मागे गेला आणि कड्याच्या कपारीला बांधलेला दोर छाटला. अशाच वेळेसाठी वर रचून ठेवलेली दगडांची रास खिंडीत कोसळली. पुढे आलेले दोघे-तिघे तिच्याखाली गेले. धुरळा बसला तेव्हा आमच्या आणि त्यांच्यामध्ये पुरुषभर उंचीचा ढिगारा होता. पलीकडे बैल हंबरत होते.

“किती वेळ थांबतील?” मी विचारलं.

“बैलांना वाट करीस्तोवर. पर माणसं वरनं चढून येतील. शिंग कुटं हाय?”

“दौलोजीकडे.” आणि दौलोजी ढिगाऱ्याच्या पलीकडे होता.

मी पागोटं सोडून त्याची मांडी आवळून बांधली. भाल्याचं पातं आतच होतं, ते काढलं असतं तर तो तिथंच रिकामा झाला असता. त्यानं उठून पाय टेकून बघितला. पाय दुमडला. तो पुन्हा बसला आणि वर गडाकडे बघू लागला. आमच्या धुराची रेघ अजून आभाळात होती. तिकडे दरवाजा सताड उघडला असेल, बायका रिकामी पोती आणि गाडगी घेऊन बाहेर येऊन उभ्या असतील, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

आता तो मला पळ म्हणेल, असं मला वाटलं. मी तलवार म्यानात घातली.

“मला पाठीवर घे,” तो म्हणाला.

“नाईक, मी एकटा गेलो तर लवकर पोचेन.”

“पोचशील. दरवाजावर काय सांगशील?”

“तांडा दगाबाज आहे, दार लावा.”

“कोण सांगतंय? पातशाहीतनं आलेला डावऱ्या. बाकी तिघं कुटं, तर मेली. ह्यो एकलाच जित्ता, आणि रगतानं माखलेला. समोर मिठाचं बैल दिसत्याती आणि तू म्हनतोस दार लावा. आधी तुलाच भाल्यावर घेतील, आणि मग बैलं आत घेतील. तुझा आवाज तिथं कोन ओळखतंय? माझा ओळखत्याती.”

ते खरं होतं. पण त्या वेळी मला वेगळंच वाटलं. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते आणि त्यानं माझं मनगट असं धरलं होतं की नखं रुतत होती. माणूस इथं एकटा मरायला भ्याला आहे, असं मला वाटलं. मला त्याचा राग आला नाही. फक्त आजवर मी त्याला जेवढा मोठा समजत होतो तेवढा तो राहिला नाही.

मी खाली वाकलो. त्याची ढाल धड होती. गेंड्याच्या नाही, रेड्याच्याच कातड्याची, पण जाड आणि जुनी. ती त्याच्या पाठीला लावली, कमरेचा शेला सोडून तिच्या आतल्या चामडी वाद्यांमधून ओवला आणि त्याच्या छातीवर घट्ट गाठ मारली. मग त्याला पाठीवर घेतलं. उजवा हात त्यानं माझ्या गळ्याभोवती टाकला. मी त्याच्या दोन्ही मांड्या धरल्या. दुखऱ्या मांडीला माझा हात लागला तेव्हा तो कण्हला आणि त्यानं माझ्या आईचा उद्धार केला.

बैलांची वाट डोंगराला वळसा घालून जायची. आमची पायवाट सोंडेवरून सरळ उभी. सुरुवातीला कारवीचं रान होतं. वाळलेली कारवी अंगाला ओरबाडत होती, पण तिच्या आडोशानं आम्ही कुणाला दिसत नव्हतो. धारोजी जड होता. घामानं माझे डोळे चुरचुरायला लागले.

“बैल तरी बरा चालतो तुझ्यापरीस,” तो कानाशी म्हणाला.

“बैलाच्या पाठीवर गवत आहे, नाईक.”

त्यानं घशातल्या घशात काहीतरी हसल्यासारखं केलं.

म्हसोबाच्या दगडापाशी कारवी संपली. तिथून वर उघडी सोंड. गुडघाभर वाळलेलं पिवळं गवत आणि मधून पांढरी पायवाट. आडोसा म्हणून एक झुडूप नाही. मी क्षणभर थांबलो आणि श्वास घेतला. माझ्या पाठीवर धारोजी चुळबुळ करत होता. त्याचा डावा हात काहीतरी चाचपत होता.

“काय करताय?”

“काय न्हाई. रुततंय. चल.”

मी उघड्यावर आलो आणि खालून आरोळी आली. ढिगारा ओलांडून त्यांची माणसं कारवीच्या कडेला येऊन पोचली होती. तिरंदाज होते. मी पळायला लागलो. चढावर पाठीवर माणूस घेऊन जेवढं पळता येतं तेवढं.

पहिला बाण डावीकडून गवतात गेला. दुसरा कुठं गेला ते दिसलं नाही. पण पाठीवर ठप्प असा धक्का बसला आणि धारोजीचं अंग माझ्या अंगावर दाबलं गेलं.

“काय झालं?”

“ढालीवर बसला,” धारोजी म्हणाला. “पळ.”

थोडं पुढं गेलो तर पळताना माझ्या गुडघ्यांच्या मागे काहीतरी लागायला लागलं. प्रत्येक पावलाला टक, टक.

“नाईक, ढाल खाली आली का? गाठ सुटली वाटतं.”

“सैल झालीया. मी धरलीया हातानं. तू पळ.”

“थांबतो, पुन्हा बांधतो.”

“थांबलास तर खांदा चावीन. पळ म्हनतो न्हवं!”

मी पळालो. एक बाण माझ्या पोटऱ्यांच्या मागं खण्णकन वाजला. तो ढालीवर बसला हे मलाही कळलं. मग आणखी एक ठप्प. त्याला तसा आवाज नव्हता, नुसता धक्का होता.

“ढालीवर,” धारोजी म्हणाला.

नंतर त्यानं माझ्या चालण्यावर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. पाय फाकवून पळतोस. गंगथडीच्या सपाट रानातली माणसं तुम्ही, तुम्हाला चढ काय ठाऊक. उजवीकडून जा, तिथं गोटे आहेत, पाय मुरगळून घेशील. माझ्या पाठीवर गरम ओल पसरत होती. त्याच्या मांडीचं रक्त असेल, माझा घाम असेल, असं मी धरून चाललो. हळूहळू त्याच्या शिव्या आखूड झाल्या. आधी लांबलचक होत्या, मग दोन शब्दांच्या, मग एका. मध्येच पुन्हा एक धक्का बसला, आणि या वेळी तो बराच वेळ काही बोलला नाही.

“नाईक?”

“ढालीवर,” तो म्हणाला. “गप पळ.”

सोंडेच्या वरच्या टोकाला कड्याची एक कड पुढे आलेली आहे. तिच्या पलीकडे गेलं की गडाचा दरवाजा समोर दिसतो, आणि दरवाजातल्या माणसांना आपण दिसतो. तिरंदाज त्या कडेच्या अलीकडेच थांबले. ते दिसले असते तर तांड्याचं सोंग उघडं पडलं असतं. मी कडेला वळसा घातला आणि बाण बंद झाले.

दरवाजा उघडा होता. बाहेरच्या फरसबंदीवर बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या आया, सगळे उभे होते. आणि खाली बैलवाटेच्या शेवटच्या वळणावर, ढिगाऱ्यातून वाट काढून आलेला, पहिला बैल दिसायला लागला होता. त्याच्या घंटेचा आवाज ऐकून बायका पुढे सरकत होत्या.

मी ओरडायला तोंड उघडलं, पण छातीत वारा उरला नव्हता. नुसता घरघराट बाहेर आला. पहारेकऱ्यांनी मला बघितलं आणि भाले पुढे केले.

“डावऱ्या हाय! नाईकाला काय केलंस रं?”

“दार... तांडा...”

“बाकीची कुटं हायती? थांब तिथंच! एक पाऊल टाकू नगं!”

भाल्याचं टोक माझ्या गळ्याशी आलं. तेव्हा माझ्या गळ्याभोवतीचा हात आवळला गेला, माझ्या खांद्यावर टेकलेलं डोकं वर उचललं गेलं, आणि माझ्या कानाशी धारोजी ओरडला. तसा आवाज मी त्याच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

“रायाजी! दार लाव, भडव्या! पोती गवताची हायती! माणसं आत घे!”

रायाजी हा दरवाजाचा हवालदार. त्याला चारचौघांत अशी शिवी घालणारा गडावर एकच माणूस होता. रायाजीनं पुढचं काही विचारलं नाही. बायकांना हाताला, पदराला, केसाला धरून आत ओढलं गेलं. मी त्या रेट्याबरोबर आत फेकला गेलो. दाराच्या फळ्या मिटल्या, अडसर पडला. बाहेर घोंगड्या टाकून पळत आलेली माणसं दारावर आदळली तेव्हा आत कुणी किंचाळत होतं, कुणी पोरांना हाका मारत होतं. बुरुजावरून तोफ सुटली, पाठोपाठ दुसरी. खाली अरुंद वाटेवर बैल होते, शिपाई होते आणि हरजीची माणसंही होती, हात बांधून पुढे घातलेली. तोफांनी त्यात निवड केली नाही.

“नाईक, उतरा आता,” मी म्हणालो. “पोचलो.”

तो उतरला नाही. माझ्या गळ्याभोवतीचा हात सुटेना. शेवटी दोघांनी येऊन तो हात सोडवला आणि त्याला खाली घेतलं. त्यांनी त्याला पालथाच ठेवला, कारण उताणा ठेवता येत नव्हता. एक बाण खांद्याच्या फऱ्याखाली होता. एक बरगड्यांत. एक कमरेच्या वर, दांडी मोडलेला.

त्याची बायको सगुणा गर्दीतून आली आणि त्याच्या डोक्याशी बसली. तिनं त्याच्या तोंडाला लागलेली माती पदरानं पुसली. मग लोकांनी वाट करून दिली आणि गोमाजी आला.

म्हातारा सरळ चालत आला आणि चार हात अंतरावर थांबला. पोराचं तोंड त्यानं बघितलंच नाही. तो पाठीकडे बघत होता.

“पाठीवर?” तो म्हणाला.

आज हे कुणाला समजायचं नाही. त्या वेळी पाठीवर जखमा घेऊन मेलेल्या माणसाच्या घरी लोक भेटायला जात तेही नजर चुकवून. आणि हा तर ज्यानं गडाला ढाल धरायला शिकवली त्याचा मुलगा. गोमाजी वळला आणि चालायला लागला.

“मामंजी,” सगुणा म्हणाली. तो थांबला नाही. ती माझ्याकडे वळली. “तुमी सांगा की. तुमच्या पाठीवर हुते न्हवं ते? सांगा की त्येस्नी.”

“मी त्यांना पाठीवर आणलं,” मी मोठ्यानं म्हणालो. “ते पळत नव्हते. मी पळत होतो. आणि त्यांच्या पाठीला ढाल होती. मी बांधली होती, माझ्या हातानं.”

गोमाजी थांबला. पाठमोराच म्हणाला, “मग कुटं हाय ढाल?”

मीही बघितलं. ढाल पाठीवर नव्हती. धारोजीचा डावा हात अंगाखाली गेला होता. रायाजीनं तो हळूच बाहेर ओढला, तर मुठीत ढाल होती. बोटं आतल्या वाद्यांत अशी रुतली होती की ती एक एक करून उलगडावी लागली. माझा शेला त्याच्या छातीशी लोंबत होता. मी मारलेली गाठ तशीच्या तशी होती. शेला गाठीच्या बाजूला सुरीनं कापलेला होता.

गोमाजी परत आला. खाली बसून त्यानं ढाल मांडीवर घेतली आणि तिच्यावरून तळवा फिरवला. मोडलेल्या बाणांची टोकं तिच्यात रुतून बसली होती, सगळी खालच्या अंगाला. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“मागं वळ,” तो म्हणाला.

मी वळलो. त्याचा खरबरीत हात माझ्या मांड्यांच्या मागच्या बाजूनं, गुडघ्यांमागून, पोटऱ्यांवरून घोट्यापर्यंत फिरला. कारवीचे ओरखडे सोडले तर तिथं काही नव्हतं.

“कुठपासनं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“हात खाली सोडून धरली हुती त्यानं ढाल. तुझ्या पायामागं. कुठपासनं धरली हुती?”

मला म्हसोबाचा दगड आठवला, पाठीवरची चुळबुळ आठवली. “म्हसोबापासून.”

“म्हसोबापासनं दरवाजापतुर.”

“होय.”

“बोलत हुता?”

“शिव्या देत होते. आणि धक्का बसला की म्हणायचे...” ते सगळे धक्के मला पुन्हा एकदा पाठीवर बसले. ज्यांना आवाज होता ते, आणि ज्यांना नव्हता ते.

“काय म्हनायचा?”

“म्हणायचे, ढालीवर बसला.”

गोमाजीनं ढाल बाजूला ठेवली. रडला नाही, पोराला शाबासही म्हणाला नाही. रायाजी बाण काढू लागला तेव्हा त्यानं मान फिरवली. मग धारोजीला उताणा केल्यावर तो त्याच्या डाव्या अंगाला मांडी घालून बसला, तो डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि चेपू लागला. खांद्यापासून खाली, दंड, कोपर, मनगट. मग तळवा. मग एक एक बोट.

“हात लई भरून आला असंल रं,” तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, पोराशी.

सगुणानं पदर तोंडाला लावला. तटावर अजून तोफा चालू होत्या, माणसं वर पळत होती. आमच्याकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं. मी तिथंच उभा होतो. जावं कुठं ते मला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं गोमाजी मान वर न करता म्हणाला, “हुभा काय ऱ्हायलास? त्यो हात घे.”

मी धारोजीच्या उजव्या अंगाला बसलो आणि त्याचा दुसरा हात मांडीवर घेतला. सगळी वाट माझ्या गळ्याभोवती असलेला हात. मला तो नीट चेपता येत नव्हता.

“वरनं खाली,” म्हातारा म्हणाला. “खांद्यापासनं घे. दमानं.”

मी खांद्यापासून घेतलं. तिरडी बांधून होईपर्यंत आम्ही दोघं त्याचे हात चेपत बसलो.